जुन्या साड्यांची गोधडी: झोळ, चुण्या आणि पळालेले कोपरे टाळायचे असतील तर

दिवाळी उलटली आणि पहाटे पांघरूण शोधायची वेळ आली, की कोणी ना कोणी पिशवीत कोंबलेली अर्धवट गोधडी घेऊन माझ्या दारात उभी राहते. तक्रारी ठरलेल्या. मधोमध झोळ आला. एक कोपरा चार बोटं पुढे पळाला. पहिल्याच धुण्यात लाल साडीनं पांढरीची वाट लावली. मी आधी टाके बघते, आणि टाके बहुतेकींचे चांगलेच असतात. घोळ झालेला असतो तो त्याच्या आधी, म्हणजे कपडा निवडताना, धुताना आणि जमिनीवर अंथरताना. म्हणून इथे शिवणीबद्दल कमी आणि शिवायला बसेपर्यंतच्या कामाबद्दल जास्त लिहिलं आहे.

उदाहरणाला एका माणसाचं पांघरूण घेऊ: साधारण ५ फूट रुंद, ७ फूट लांब, तीन थरांचं. दोन सहावारी सुती साड्यांत ते बसतं.

थर किती, हे आधीच ठरवा. नागपुरात दोन वेगळ्या गोधड्या लागतात. कूलरसमोर झोपणाऱ्याला पहाटे अंगावर घ्यायला तीन थर पुष्कळ झाले. डिसेंबर-जानेवारीसाठी पाच. (२९ डिसेंबर २०१८ ला इथे पारा ३.५ अंशांवर आला होता, तेव्हा पाचही कमी पडले.) पाचाच्या वर हातानं शिवायच्या भानगडीत पहिल्याच खेपेला पडू नका. सुई जात नाही, बोटं जातात.

पायरी १: कपडा निवडा, आणि बोहारणीशी उलटा व्यवहार करा

घरोघरी हिशेब उलटा चालतो. सुती साडी विटली की ती बोहारणीला किंवा पोछ्याला जाते. नवीकोरी दिसणारी, पण कोणी नेसत नाही अशी सिंथेटिक साडी मात्र ‘टाकवत नाही’ म्हणून गोधडीत शिरते. व्हायला पाहिजे नेमकं उलट. सिंथेटिक सुळसुळीत असते, थर एकमेकांवरून घसरतात, अंगाचा घाम शोषला जात नाही. वर्षानुवर्षं धुऊन मऊ पडलेलं आईचं सुती पातळ ही गोधडीची खरी सामग्री. भांड्यांवर द्यायचीच असेल तर ती चकचकीत साडी द्या. किंवा तीही ठेवा, तिचा उपयोग शेवटी सांगते.

साडी सुती आहे का, हे हाताला कळत नसेल तर कडेचे दोन-चार दोरे काढून स्टीलच्या ताटलीत काडी लावून बघा. सुती दोरा कागदासारखा जळतो, वासही कागदाचाच येतो आणि बोटानं चुरडली जाणारी राख उरते. सिंथेटिक दोरा वितळतो आणि गार झाल्यावर टणक मणी होतो. दोन्ही झालं, म्हणजे राखही आणि मणीही, तर ती मिश्र आहे. मिश्र साडी मधल्या थराला चालते.

मग साडी खिडकीसमोर उजेडात धरा. चार जागा मुद्दाम बघायच्या:

- पदर खांद्यावर जिथे पिनेनं अडकवतात ती जागा. तिथे भोकांची चाळण झालेली असते.
- निऱ्या खोचतात तो पट्टा.
- टाचेखाली येऊन घासलेला खालचा काठ.
- वर्षानुवर्षं एकाच घडीत आलमारीत पडून राहिलेल्या साडीची ती घडी. वरून धड दिसते, पण ओढली की टरकन फाटते.

सगळ्यात धड कपडा मिळतो तो नेसताना पहिल्या फेऱ्यात आत जाणाऱ्या टोकाचा. त्याला ऊन लागलेलं नसतं, रंगही टिकलेला असतो. तो वरच्या थरासाठी राखून ठेवा.

> तपासा: संशयित जागी दोन्ही हातांचे अंगठे शेजारी ठेवून कपडा बाहेरच्या बाजूला ताणा. दोरे नुसते फाकले तर मधल्या थरात चालेल. फाटला तर बाद. विरलेल्या कपड्याला ठिगळ लावून वाचवायचा मोह होतो, पण ठिगळाच्या कडेनं तो पुन्हा फाटतो.

मधल्या थरांना जुनं धोतर, लुंगी, विरलेली सुती चादर, ओढणी काहीही घाला. टॉवेल आणि जीन्स मात्र नको. टॉवेल इतकं पाणी पितो की गोधडी उचलत नाही, आणि जीन्सच्या जाड शिवणीवर सुया मोडतात.

घरात पुरेसं सुती नसेल तर नागपुरातल्या बर्डीच्या (सीताबर्डीच्या) रविवारच्या बाजारात जुन्या कपड्यांचे ढीग बघा, किंवा ओळखीच्या शिंप्याकडे कतरन मागा. बाहेरून आलेला कपडा घरातल्या कपड्यांत मिसळायचा नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून आणा आणि थेट गरम पाण्यात टाका. पाणी ६० अंशांचं असलं की ढेकूण आणि त्यांची अंडी दोन्ही मरतात. नुसत्या उन्हावर विसंबू नका. मेअखेरच्या नवतप्यातलं ऊन असलं तरी घडीच्या आत सावलीच असते.

पायरी २: उसवा, मग धुवा

क्रम हाच. फॉल लावलेलाच ठेवून धुतलं तर फॉल वेगळा आटतो, साडी वेगळी, आणि काठ कायमचा आकसून बसतो. फॉल, पिको, टिकल्या, लटकन, सेफ्टी पिना सगळं काढा. जरीचा काठ असेल तर तो कापून बाजूला ठेवा. अंगाला टोचतो, आणि धुतल्यावर उरलेल्या साडीइतका आटतही नाही.

खळीची साडी रात्रभर साध्या पाण्यात भिजवा. खळ राहिली तर दोन तोटे: सुई अडते आणि गोधडीला कसर लागते.

रंगाची परीक्षा प्रत्येक साडीची वेगळी घ्यायची. पांढरं फडकं ओलं करून साडीवर जोरात दहा वेळा घासा. फडक्यावर रंग उतरला तर ती साडी वेगळ्या बादलीत धुवा आणि पाणी नितळ येईपर्यंत धूत राहा. मीठ, व्हिनेगर, तुरटी हे सगळे उपाय मी करून पाहिले आहेत. आजकालच्या रंगांवर त्यांचा भरवसा धरू नका. पाच-सहा धुण्यांनंतरही रंग जात असेल तर ती साडी या गोधडीतून गेली.

वाळल्यावर इस्त्री. हा टप्पा जवळपास सगळ्या जणी गाळतात. अंथरताना हातानं सपाट केलेली चुणी पोटात दबून राहते आणि दोन ओळी शिवल्यावर वर येते.

> सावध: कूलर चालू असलेल्या खोलीत इस्त्री केलेला कपडा पसरून ठेवू नका. तासाभरात तो दमट होऊन सैलावतो, आणि तसाच शिवला तर पुढे वाळल्यावर आकसतो.

पायरी ३: मोजा आणि कापा

सहावारी साडी म्हणजे २१६ इंच लांब. पन्हा, म्हणजे रुंदी, ४५ इंच धरू. तुमच्या साडीचा पन्हा मोजून घ्या, एखाद-दोन इंचांचा फरक निघतोच.

पहिल्या साडीतून ८८ इंचांचे दोन तुकडे काढा. दुसरीतून ८४ इंचांचे दोन. प्रत्येक साडीतून तीन-चार फूट उरतं, त्यामुळे खराब भाग टाळायला जागा मिळते.

पहिल्या साडीचा एक तुकडा तसाच ठेवा, तो तळाचा. दुसऱ्या तुकड्याच्या लांबीच्या दिशेनं तीन पट्ट्या करा: एक १८ इंचांची, दोन साडेतेरा इंचांच्या. १८ ची पट्टी तळाच्या तुकड्याला जोडायची. साडेतेराच्या दोन्ही पट्ट्या ८४ इंचांवर कापून दुसऱ्या साडीच्या एकेका तुकड्याला जोडायच्या. जोडताना दोन्हीकडून अर्धा-अर्धा इंच शिवणीत जातो. म्हणजे तळाचा थर ६२ × ८८ आणि वरचे दोन साडेसत्तावन्न × ८४. तळाचा कपडा चारी बाजूंनी सुमारे २ इंच मोठा राहिला पाहिजे. तीच पुढे कड होणार आहे.

पट्टी कापताना डोळ्यांच्या अंदाजावर जाऊ नका. चांगली साडी फाडली तर रेष सरळ येते, पण विरलेली भलतीकडेच फाटत जाते. त्यापेक्षा एक दोरा ओढून काढा. तो निघाल्यावर कपड्यात जी रेघ उमटते, तिच्यावरून कात्री चालवा. वेळ लागतो. कोपरा पळायचं निम्मं कारण तिरकी कापणी असतं, हे लक्षात घेतलं तर तो वेळ जड जात नाही.

> तपासा: प्रत्येक थर लांबीत दुमडा आणि कोपऱ्यावर कोपरा ठेवा. मग कर्णात दुमडून दोन्ही कर्ण मोजा. कर्णांत एका इंचापेक्षा जास्त फरक असेल तर अंथरायच्या आधीच दुरुस्त करा. अंथरल्यावर ओढून-ताणून चौकोन होत नाही.

पायरी ४: अंथरणं

खरं काम इथे आहे. घाई असेल तर ही पायरी दुसऱ्या दिवशी करा, पण घाईत करू नका.

१. गोधडीपेक्षा फूटभर मोठी जागा मोकळी करा. दिवाण उभा करावा लागला तरी करा. गादीवर किंवा सतरंजीवर अंथरायचं नाही, खालची जमीन कडक आणि गुळगुळीत हवी. फरशी पुसून पूर्ण वाळू द्या.

२. पंखा आणि कूलर दोन्ही बंद. मे महिन्यात हे जमणार नाही, म्हणून मी हे काम होळीच्या आधी किंवा पावसाळा संपल्यावर काढते.

३. तळाचा थर पसरा. सुलट बाजू जमिनीकडे, शिवणीच्या कडा वर. चारी बाजूंच्या मध्यावर फरशीला चिकटपट्टी लावा, मग कोपऱ्यांना. आधी कोपरे चिकटवले की मधला सैल कपडा कुठेच जात नाही. ताणायचं किती? चुणी जाईल इतकंच. ढोलकीसारखं ताणलं तर चिकटपट्टी काढल्यावर तो कपडा आकसेल आणि वरचे थर झोळ धरतील.

४. मधला थर मध्यावर मध्य ठेवून पसरा. त्याची पट्टी उजवीकडे. तळव्यानं मधून बाहेर सपाट करत जा, बाहेरून आत कधीच नाही.

५. वरचा थर, सुलट बाजू वर, पट्टी डावीकडे. वरच्या आणि मधल्या जोडशिवणी एकावर एक येता कामा नयेत. आल्या तर तिथे जाड वळ उठतो, झोपल्यावर पाठीला कळतो आणि सर्वांत आधी तिथेच कापड झिजतं. तळाची पट्टीही डावीकडेच ठेवा. ती रुंद असल्यानं तिची शिवण वरच्या शिवणीपासून दोन-अडीच इंच आपसूक दूर पडते.

६. कोपऱ्यांवर वजन ठेवा. वरवंटा, पाटा, डाळीचे डबे, काहीही.

डोक्याकडची बाजू कोणती, हे आत्ताच ठरवून तिथे एक गाठ मारून खूण करा. पांघरूण ओढलं जातं ते त्याच टोकाला, त्यामुळे तिथे विरलेला कपडा यायला नको.

> तपासा: अनवाणी पायानं गोधडीवरून एकदा चाला. हो, चालाच. हाताला न कळलेली चुणी तळपायाला लगेच कळते.

पायरी ५: कच्चा दोरा

कच्चा दोरा म्हणजे थर जागचे हलू नयेत म्हणून घातलेले तात्पुरते मोठे टाके. ‘आमच्या आजीनं कधी कच्चा दोरा घातला नाही’ हे वाक्य मला वर्षातून चारदा ऐकायला मिळतं. खरं असेल. पण आजी गोधडीवरच मांडी घालून बसायची. तिचं वजनच थरांना जागचे हलू देत नव्हतं, आणि तिच्या हाताखालून पन्नास गोधड्या गेल्या होत्या. आपण पलंगावर बसून, गोधडी मांडीवर घेऊन, मालिका बघत शिवतो. आपल्याला कच्चा दोरा हवाच.

कपड्यापेक्षा वेगळ्या रंगाचा साधा दोरा घ्या. मध्यापासून सुरुवात करून आधी अधिकाचं चिन्ह घाला, म्हणजे मध्यातून वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. मग कोपऱ्यांकडे कर्ण. मग वितीवितीच्या अंतरावर आडव्या ओळी, त्याही मध्यापासून बाहेर. टाके चार-चार बोटांचे असले तरी चालतात. गोधडी जमिनीवरून न उचलता हे काम करायचं, सुई फरशीला टेकवून वर काढायची. गुडघे दुखतात. खाली उशी घ्या आणि निम्मं काम सकाळी, निम्मं दुपारी करा. पण ते पूर्ण झाल्याशिवाय चिकटपट्टी काढू नका.

पायरी ६: धावदोरा

इथवर सगळं नीट झालं असेल तर आता फक्त चिकाटी लागते.

जाड सुती दोरा, लांब सुई, मधल्या बोटाला अंगुस्तान. दोरा दीड हातापेक्षा लांब घेऊ नका. लांब दोऱ्यानं वेळ वाचतो असं वाटतं, पण तो पिळतो, गाठी पडतात आणि कपड्यातून पन्नास वेळा जाऊन कमजोर होतो. गाठ दोन थरांच्या मध्ये ओढून लपवा. इंचाला तीन टाके पुरतात. दोन ओळींत दोन बोटांचं अंतर, म्हणजे साधारण दीड इंच. या मापाच्या गोधडीला ३८ ओळी होतात, प्रत्येक ७ फुटांची. दोरा १०० मीटर तरी आणून ठेवा. रंगाची लडी मध्येच संपली तर तोच रंग पुन्हा मिळेलच असं नाही.

पहिली ओळ मधोमध, लांबीत. दुसरी तिच्या डावीकडे, तिसरी उजवीकडे, असं आलटूनपालटून बाहेर सरका. कडेपासून आत येणारे चौकोनी फेरे दिसायला सुंदर, यात वाद नाही. पण त्यात सगळा सैलपणा मध्याकडे ढकलला जातो आणि शेवटी तिथे झोळ अडकतो. ते फेरे दुसऱ्या गोधडीला करा.

दोरा ओढताना टाका कपड्यावर टेकला की थांबायचं. आणखी ओढलं की ओळ आकसते, आणि ३८ ओळींनंतर गोधडी इंच-दोन इंच लहान झालेली असते.

> तपासा: प्रत्येक ओळीनंतर उलटवून बघा. तळाच्या बाजूला टाके दिसत नसतील तर सुई तिरकी जाते आहे आणि खालचा थर सुटला आहे. त्याच तपासणीत हेही कळतं, की तुम्ही गोधडीसोबत स्वतःचा गाऊन शिवलेला नाही. हसू नका, सगळ्यांचं होतं.

मशीनवर करणार असाल तर तीन थरांपर्यंतच. १६ नंबरची सुई, टाका सर्वांत लांब, दाबपट्टीचा दाब कमी, आणि कच्च्या दोऱ्याच्या ओळी दुप्पट. नाहीतर मशीन वरचा थर पुढे ढकलत नेतं आणि शेवटच्या टोकाला तो चार बोटं जास्त भरतो.

पायरी ७: कड

सर्व ओळी झाल्यावरच कड. आधी कड बंद केली तर आतला सैलपणा बाहेर पडायला वाट राहत नाही.

वरच्या दोन थरांचे पुढे आलेले भाग छाटून सरळ करा. तळाचा जास्तीचा २ इंच कपडा एकदा अर्धा दुमडा, मग गोधडीच्या कडेवर आणून पुन्हा दुमडा आणि तुरपाई करा. कोपऱ्यावर आधी टोक तिरकं आत दुमडायचं, मग दोन्ही बाजू त्यावर आणायच्या, म्हणजे गठ्ठा होत नाही. डोक्याकडच्या कडेला दुहेरी तुरपाई. साडीचा साधा सुती काठ कापून ठेवला असेल तर तो इथे वरून लावा. साडीत काठाचं विणकाम घट्ट असतं, त्यामुळे ती बाजू बरीच वर्षं टिकते.

शेवटी कच्चा दोरा उसवा. एकदम ओढू नका, फूट-फूट कापून काढा.

पहिलं धुणं टबात, गार पाण्यात, पायानं तुडवून. पिळायची नाही, गच्चीच्या कठड्यावर टाकून निथळू द्यायची. वाळली असं वाटल्यावरही आणखी एक दिवस ऊन द्या, कारण मधला थर शेवटी वाळतो. दमट गोधडी घडी करून ठेवली तर महिनाभरात बुरशीचे काळे ठिपके येतात आणि ते मग जात नाहीत.

उरलेली सिंथेटिक साडी: जुन्या स्टुलाची बैठक

बोहारणीला न दिलेल्या त्या साडीचं काम हे. कबाड्याकडे लाकडी चौकटीची, बैठक फाटलेली स्टुलं मिळतात. घेताना उलटं करून फरशीवर आपटा. बारीक पिठासारखा भुसा पडला तर घुण लागला आहे, घेऊ नका. सांधे हलत असतील तर हरकत नाही, पण ते विणायच्या आधी दुरुस्त करा, कारण विणीचा ताण चौकटीला आत ओढतो. सांध्यातला जुना सरस खरवडून काढा, फेविकॉल भरा, दोरीनं आवळून पूर्ण एक दिवस ठेवा.

साडी लांबीत २ इंची पट्ट्यांत कापा. १८ फुटांची एकेक पट्टी मिळते, जोड कमी येतात. तीन पट्ट्यांची घट्ट वेणी घाला. १४ इंचांच्या चौकोनी बैठकीला एक साडी जेमतेम पुरते. वेणीचं टोक चौकटीच्या आतल्या बाजूला चुकेनं, म्हणजे बारीक खिळ्यानं, ठोका, पुढून मागे चौकटीभोवती शेजारीशेजारी गुंडाळत न्या, मग आडव्या दिशेनं एक वर एक खाली अशी विणा. सुती पट्टीनं हेच केलं तर आठवड्यात बैठक खोलगट होते. सिंथेटिक पट्टी कमी ताणते.

पहिले काही दिवस बसल्यावर तीही थोडी सैलावते. म्हणून शेवटची चूक पूर्ण ठोकू नका. आठ दिवसांनी ती उपसून, आडवी वेणी एका टोकापासून पक्कडीनं ओढत आणून, मग कायमची ठोका.